नोकरीची अट : भाषा येणे की भाषा असणे?



दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर आपल्या शेतकी खात्यात हंगामी माणसे घ्यावी लागतात. स्लिपबॉय, काटा-लेखनिक, गटातले मदतनीस, केन यार्डात गाड्यांना नंबर देणारे, अशी ही माणसे. पगार बेताचा, काम रात्रंदिवस. तरी अर्ज मात्र जागांच्या कितीतरी पट येतात. या वेळी जाहिरातीचा कच्चा मसुदा शेरा मारण्यासाठी आमच्या टेबलावर आला, तेव्हा त्यात दोन गोष्टी नव्या दिसल्या. एक टाईप केलेली : ‘उमेदवारास मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषा उत्तम लिहिता, वाचता व बोलता येणे आवश्यक.’ दुसरी कुणीतरी पेन्सिलीने समासात लिहिलेली : ‘मातृभाषा मराठी असणाऱ्यास प्राधान्य.’

मसुदा अजून कच्चा आहे. पण आपल्याकडे बातमी कागदाच्या आधी गावात पोचते. दुसऱ्याच दिवशी गट कार्यालयात दोन सभासद समोरासमोर बसले होते. एक म्हणाले, ‘साहेब, इंग्रजीची अट घातली की आमची पोरं आपोआप बाहेर. मग कारखाना कुणाचा म्हणायचा?’ दुसरे म्हणाले, ‘अन् मराठीची अट नाही घातली तर उद्या कोण कुठला येऊन खुर्चीवर बसंल. मग आम्ही त्याच्याशी काय खाणाखुणा करायच्या?’ दोघे एकाच गावचे, दोघांचा ऊस आपल्याच कारखान्याला. आणि खरे सांगायचे तर दोघांचेही म्हणणे आम्हाला पटले. दोन उलट गोष्टी एकदम पटू लागल्या म्हणजे प्रश्न नीट मांडलेला नाही असे समजावे. म्हणून हा लेखप्रपंच.

आम्ही काही भाषापंडित नाही. परभणीला मराठीतून कृषी पदविका केली आणि तेव्हापासून बांधावर हिंडत आहोत. पण नोकरी आणि भाषा यांचा झगडा आपल्या मुलखाने जितका भोगला तितका फार थोड्या मुलखांनी भोगला असेल, आणि तो समजायला पंडित असण्याची गरज नाही.

आपल्या मुलखाला हे नवे नाही

निजामाच्या हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले, तेही उर्दू माध्यमाचे. मराठवाड्यात चुलीपाशी मराठी, शिवारात मराठी, पण कचेरीत उर्दू. शिकलेल्या मराठी माणसाला उर्दूशिवाय नोकरी नव्हती आणि न शिकलेल्याला अर्जनवीसाशिवाय दाद नव्हती. आमचे आजोबा सांगत, की बांधाच्या तंट्याचा अर्ज त्यांनी चार वेळा दिला आणि चारही वेळा त्यात काय लिहिले आहे हे त्यांना ठाऊक नव्हते. अर्जनवीसाने वाचून दाखवले, त्यांनी मान डोलावली, अंगठा उठवला. आपलीच जमीन, आपलेच भांडण, पण कागद परक्या जिभेचा.

याच संस्थानात १९१९ च्या सुमारास मुल्की नियम आले. संस्थानात जन्मलेला किंवा पंधरा वर्षे राहिलेला तो मुल्की. सरकारी नोकरी त्यालाच. म्हणजे बाहेरचा माणूस येऊन बसू नये हा विचारही आपल्याकडे शंभर वर्षांचा आहे. गंमत अशी, की मुल्की ठरलेल्या मराठी शेतकऱ्याच्या पोराला त्या नियमाचा उपयोग उर्दू शिकल्याशिवाय होत नव्हता. दार उघडे होते, पण उंबरठा त्याच्या उंचीचा नव्हता.

पुढे १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. १९६४ साली राजभाषेचा कायदा होऊन राज्याचा कारभार मराठीत आला. आमच्या आजोबांना अर्ज वाचता येऊ लागला. ही साधी गोष्ट नाही. पण त्याच वेळी ज्यांची हयात उर्दू दप्तरात गेली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांना आता दुसऱ्याकडून अर्ज लिहून घ्यायची पाळी आली. चाक फिरले, एवढेच. कोण वर आणि कोण खाली ते बदलले. चाकाखाली कुणीतरी असणारच हे बदलले नाही.

आणि इतिहासाची थट्टा पाहा. २०२३ साली मराठवाड्यातील जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. निजामकालीन दप्तरांचे गठ्ठे सुटले आणि आत निघाली उर्दू आणि मोडी. मग ती वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्या उर्दूला आपण साठ-सत्तर वर्षे निरुपयोगी म्हणून बाजूला सारले, ती येणारा माणूस एकाएकी मोलाचा ठरला. त्या कामाला उर्दू किंवा मोडी येणाराच लागणार आणि मराठीही येणारा लागणार. तिथे दोन भाषांची अट घातली तर कुणी तिला अन्याय म्हणणार नाही. का म्हणणार नाही? कारण काम समोर दिसते आहे आणि अट त्या कामातूनच निघाली आहे. हा धागा धरून ठेवावा. तो पुढे उपयोगी पडेल.

पूर्णा स्टेशनावरचा हमाल

आपले पूर्णा हे जंक्शनाचे गाव. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी लाईन आणि अकोल्याकडची लाईन इथे भेटतात. २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य रेल्वे झाली, तिचे मुख्यालय सिकंदराबादला. पुढे २००३ साली नांदेड विभाग झाला, तरी झोन तोच राहिला. त्यामुळे आपल्या स्टेशनात तेलुगू बोलणारे साहेब, बिहार-उत्तर प्रदेशचे गँगमन आणि मराठी प्रवासी असा मेळा पिढ्यान्‌पिढ्या आहे. नांदेड विभाग मध्य रेल्वेला जोडा ही मराठवाड्यातली जुनी मागणी आहे. तिच्यामागे गाड्यांच्या वेळा आणि डबे यांच्याबरोबर भाषेची ही कुचंबणाही आहेच.

पण आम्हाला आठवतो तो स्टेशनावरचा हमाल. तो गिऱ्हाइकाचा चेहरा पाहून बोली बदलतो. नांदेडच्या सरदारजींशी हिंदी, निजामाबादच्या बाईंशी तेलुगू, चहावाल्याशी दखनी आणि घरी मराठी. चार भाषा त्याच्या जिभेवर आहेत. आता सांगा, द्वैभाषिक उमेदवार पाहिजे अशी जाहिरात निघाली तर हा माणूस त्यात बसेल काय? नाही बसणार. कारण ‘दोन भाषा’ असे आपण लिहितो तेव्हा मनात एकच जोडी असते : एक आपली आणि दुसरी इंग्रजी. हमालाच्या चार भाषांना दाखला नाही, म्हणून त्या शून्य. इंग्रजी शाळेत फी भरून शिकलेल्या पोराच्या दीड भाषेला दाखला आहे, म्हणून ती दोन.

इंग्रजीची अट जाचते ती इथे. इंग्रजी वाईट आहे म्हणून नव्हे. ती कुणाच्या घरी पोचली आणि कुणाच्या घरी नाही हे पैशावर ठरते म्हणून. स्लिपबॉयच्या जागेला ‘उत्तम इंग्रजी’ मागितली, तर आपण इंग्रजी तपासत नाही. त्याच्या बापाचा खिसा तपासतो.

रेल्वेचेच उदाहरण पुढे नेऊ. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईत रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय उमेदवारांना मारहाण झाली. मारहाणीने कुणालाही न्याय मिळाला नाही, मिळणारही नव्हता. आज रेल्वे भरतीची संगणकावरची परीक्षा मराठीसह पंधरा भाषांतून देता येते. पूर्णेच्या पोराला खरा फायदा झाला तो या गोष्टीने. परीक्षेत त्याचे गणित तपासायचे असेल तर ते मराठीत विचारले म्हणून गणित बदलत नाही. पुढे नोकरीत त्याला सिकंदराबादशी बोलायला हिंदी लागेल, नियमाचे पुस्तक वाचायला थोडी इंग्रजी लागेल. ती तो शिकेल. दारात अडवणे वेगळे आणि आत घेऊन शिकवणे वेगळे.

‘नवं-जुनं’ म्हणजे काय?

आता दुसरी बाजू. अट नकोच असे म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावे.

आपल्या भागातले एक सभासद मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आपल्या बँकेत गेले. बँकेचे नाव सांगण्याचे कारण नाही. काउंटरवरचे साहेब दुसऱ्या राज्यातून नुकतेच बदलून आलेले. मामांनी सांगितले, ‘साहेब, पीककर्जाचं नवं-जुनं करायचंय.’ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही याचा अर्थ कळतो : जुने कर्ज व्याजासह भरायचे आणि लगेच नवे उचलायचे. साहेबांना ‘नया’ एवढे कळले. त्यांना वाटले, माणूस नवीन कर्ज मागतो आहे. त्यांनी हिंदीत सांगितले, नवीन प्रकरणे पुढच्या महिन्यात. मामा ‘पुढच्या महिन्यात’ एवढेच समजून घरी आले. तोवर मुदत टळली, खाते थकीत झाले आणि वेळेत फेडणाऱ्याला मिळणारी व्याजाची सवलत गेली.

यात साहेब लबाड नव्हते. ते सौजन्याने वागले. मामाही अडाणी नव्हते. दोघांच्या मध्ये एक शब्द पडला आणि त्या शब्दाने एका घराचे पैसे नेले. अशा खुर्चीवर मराठी कळणारा माणूस हवा, ही मागणी संकुचित कशी म्हणावी? खुर्चीसमोर उभा राहणारा माणूस ज्या भाषेत बोलतो, ती भाषा खुर्चीला आलीच पाहिजे. डॉक्टराला रोग्याची नाडी समजावी तशी ही अट आहे. ती डॉक्टराची जात विचारत नाही.

बँकांच्या नियमांतही हे तत्त्व मान्य आहे. गिऱ्हाइकाला लागणारे छापील फॉर्म हिंदी, इंग्रजी आणि त्या राज्याच्या भाषेत असावेत असे रिझर्व्ह बँकेचे सांगणे आहे. सरकारी बँकांत लेखनिकाची भरती राज्यवार होते आणि त्याला स्थानिक भाषा यावी लागते. २०२१ साली केंद्र सरकारने ही परीक्षाही प्रादेशिक भाषांतून घेण्याचे ठरवले. अडचण राहते ती बदलीवर येणाऱ्या अधिकाऱ्यांची. तिथे ‘स्थानिकच हवा’ हा इलाज नाही. ‘आलास ना, मग सहा महिन्यांत शीक’ हा इलाज आहे. आपल्या राज्य सरकारच्या नोकरांना नाही का मराठीची परीक्षा नेमल्या मुदतीत पास व्हावी लागत? नोकरी आधी, परीक्षा नंतर, पण परीक्षा चुकत नाही.

कायदा काय म्हणतो आणि काय म्हणत नाही

आपल्या राज्यघटनेच्या सोळाव्या कलमाने सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान आणि निवास यांवरून भेद करायला मनाई केली आहे. या यादीत भाषा नाही. हे नजरचुकीने झाले असेल असे आम्हाला वाटत नाही. जात बदलता येत नाही, जन्मगाव बदलता येत नाही. भाषा मात्र शिकता येते. म्हणून भाषेची अट घालायला जागा ठेवली.

पण याच जागेतून चोरवाटही निघते. जन्मस्थानावरून माणूस नाकारता येत नाही ना, मग भाषेच्या नावाने नाकारा. म्हणून आमच्या मते सगळा वाद एका फरकावर येऊन थांबतो : भाषा येणे आणि भाषा असणे. ‘मराठी येणे आवश्यक’ ही कामाची अट झाली. ‘मातृभाषा मराठी’ ही जन्माची अट झाली. पहिली कुणीही पुरी करू शकतो. दुसरी आईच्या पोटातच ठरते. कारखान्याला आपला मातृभाषेशी काही संबंध नाही. काट्यावर वजन बरोबर घ्यायला आई कोणती बोली बोलत होती याने काय फरक पडतो?

हे आपल्याला कळायला बेळगाव-निपाणीकडे पाहावे. तिथल्या मराठी तरुणाला कन्नडच्या अटीने कसे कोंडल्यासारखे होते ते आपण वर्षानुवर्षे वाचतो आणि हळहळतो. जुलै २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने खाजगी कारखान्यांतही स्थानिकांना राखीव जागा देणारे विधेयक मंजूर केले होते. त्यात स्थानिक म्हणजे जन्म तिथला, पंधरा वर्षे वास्तव्य आणि कन्नड लिहिता-वाचता-बोलता येणारा, अशी व्याख्या होती. पंधरा वर्षे! मुल्की नियमाचाच आकडा. उद्योगधंद्यांनी ओरड केल्यावर ते विधेयक लगोलग थांबवले गेले. न्यायाने बोलायचे तर बेळगावच्या तहसिलात बसणाऱ्याला कन्नड यावी यात गैर नाही. पण समोरचा शेतकरी मराठी असेल तर त्याचे ऐकणाराही तिथे असावा. आपण बेळगावसाठी जे मागतो तेच परभणीत दुसऱ्याला द्यायची तयारी हवी. नाही तर आपली तक्रार न्यायाची नाही, पाळीची आहे.

आपल्या राज्यातही असे झाले आहे. रिक्षाच्या परवान्यासाठी मराठीची सक्ती करणारे २०१६ चे सरकारी परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली रद्द केले. आणि एप्रिल २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातील पातूर नगर परिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू लिहिण्याला सर्वोच्च न्यायालयाने मोकळीक दिली. भाषा ही धर्माची नसते, ती लोकांची असते, असा त्या निकालाचा सारांश. मराठी पाटी पुसली नाही; तिच्याखाली आणखी एक ओळ आली, आणि गावातल्या आणखी काही लोकांना नगर परिषद कुठे आहे ते कळले.

आमच्या हातून झालेली चूक

दुसऱ्याला शहाणपण सांगण्याआधी आपले सांगावे. काही हंगामांपूर्वी जिंतूरकडच्या एका तांड्यावरचा पोरगा स्लिपबॉयच्या जागेसाठी आमच्यापुढे आला. बारावी पास. आम्ही त्याला मराठीत चार ओळी लिहायला सांगितल्या. ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ, ‘ण’ आणि ‘न’ची अदलाबदल. आम्ही शेरा मारला : ‘भाषा अशुद्ध.’ त्याने जाताना एवढेच विचारले, ‘साहेब, स्लिपवर काय निबंध लिहायचा असतो का?’ आम्हाला तेव्हा तो उद्धटपणा वाटला.

त्या हंगामात त्या गटात तोडीला आलेल्या टोळ्या बंजारा होत्या. मुकादम मराठी बोलायचा, पण फडातल्या बायका आपसात गोरमाटीच बोलत. एका रात्री एका कोयत्याच्या खेपा दुसऱ्याच्या नावावर पडत गेल्या. त्या बाईने तीनदा सांगितले, आमच्या स्लिपबॉयला ते कळले नाही, आणि मुकादमाला कळले तरी त्याने कळवून घेतले नाही. आठवड्याने हिशेब झाला तेव्हा भांडण पेटले, टोळीने दोन दिवस कोयता ठेवला, तोडलेला ऊस फडात वाळला आणि शेतकऱ्याचे वजन घटले. त्या वेळी आम्हाला तो पोरगा आठवला. त्याला मराठी येत होती, गोरमाटी येत होती, हिंदी येत होती. त्या फडाला ज्या दोन भाषांची खरी गरज होती त्या दोन्ही त्याच्यापाशी होत्या. आम्ही मात्र वेलांट्या मोजत बसलो.

जनगणनेत बंजाऱ्यांची बोली हिंदीच्या खाती जमा धरली जाते. वसंतराव नाईकांसारखा बंजारा समाजाचा माणूस १९६३ ते १९७५ असा अकरा वर्षांहून अधिक काळ या राज्याचा मुख्यमंत्री राहिला, तरी त्या बोलीला आपल्या जाहिरातीत एक ओळ मिळाली नाही. आपला ऊस त्या बोलीत तोडला जातो. ती बोली आपल्या हिशेबात कधी येणार?

आजोबांच्या अर्जाची गोष्ट आम्ही मोठ्या अभिमानाने सांगतो. पण त्या रात्री फडात उभी असलेली बाई आमच्या आजोबांच्याच जागी उभी होती, आणि अर्जनवीसाच्या जागी आम्ही होतो.

मग करावे काय?

नुसते बोलून भागत नाही. संचालक मंडळासमोर आम्ही आमचा शेरा लेखी ठेवला आहे. तो सभासदांना माहीत असावा म्हणून थोडक्यात देतो.

पहिली गोष्ट, ‘दोन भाषा उत्तम’ अशी मोघम अट काढून टाकावी. प्रत्येक जागेपुढे लिहावे की कोणती भाषा, कोणत्या कामासाठी, आणि बोलण्यापुरती की लिहिण्यापुरती. स्लिपबॉयला मराठी बोलता-वाचता यावी. इंग्रजी आकडे आणि अक्षरे ओळखता यावीत, म्हणजे को ८६०३२ आणि कोएम ०२६५ यांत तो घोटाळा करणार नाही. एवढे पुरे. प्रयोगशाळेतल्या केमिस्टला आणि औषधे-खतांच्या स्टोअरकीपरला इंग्रजी नीट वाचता आलीच पाहिजे. तिथे चूक झाली तर ती शेतकऱ्याच्या पिकावर जाईल. आणि पॅनमधला नमुना काचेवर घेऊन साखरेचा दाणा ओळखणारा पॅनमन उत्तर प्रदेशचा असला आणि त्याला मराठी येत नसली, तर दाण्याचे काही बिघडत नाही.

दुसरी, ‘मातृभाषा’ हा शब्द कारखान्याच्या कोणत्याही कागदावर येऊ नये.

तिसरी, सभासदांशी रोज संबंध येणाऱ्या जागेवर बाहेरचा माणूस आला तर त्याला एक हंगाम मुदत द्यावी. त्या हंगामात त्याने कामापुरती मराठी शिकावी, आणि शिकवण्याची सोय कारखान्याने करावी. मुदतीनंतरही आली नाही तर त्याला दुसऱ्या जागी हलवावे.

चौथी, ज्या गटात बंजारा टोळ्या येतात तिथे गोरमाटी येणाऱ्याला जादा गुण द्यावेत. ही अट नव्हे, गुण. अटीने दार बंद होते, गुणाने फक्त रांग बदलते.

पाचवी, इंग्रजी आणि संगणक यांचे वर्ग बिगर हंगामात कारखान्याच्याच आवारात संध्याकाळी घ्यावेत, आधी हंगामी कामगारांसाठी, मग सभासदांच्या मुलामुलींसाठी. कॅनडात १९६९ साली इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही राजभाषा झाल्या. तिथे ज्या सरकारी जागेला दोन्ही भाषा लागतात त्या जागेवरच्या माणसाला सरकार वर्षाला आठशे डॉलरचा भत्ता देते. म्हणजे भाषा ही कामाची वस्तू आहे आणि वस्तूची किंमत द्यावी लागते हे त्यांनी मान्य केले. आपण डॉलर देऊ शकत नाही, पण वर्ग तर घेऊ शकतो. मागायचे तर थोडे शिकवायलाही हवे.

एक शंका

आमचे एक वडीलधारे संचालक म्हणाले, ‘हे सगळं खरं, पण शिकून कुणीही येऊ शकतो म्हटल्यावर आपल्या पोरांचं काय? कारखाना आपल्या शेअरवर उभा आहे.’ शंका रास्त आहे. जमिनीचे तुकडे झाले, पोरे शिकली, नोकऱ्या नाहीत. मग हाताशी असलेल्या एका कारखान्याकडे बाप पाहणारच.

आमचे उत्तर असे, की सभासदांच्या मुलांना किती प्राधान्य द्यायचे हा वेगळा प्रश्न आहे आणि तो सहकाराच्या नियमांत बसवून सर्वसाधारण सभेत उघडपणे सोडवावा. सभेत बोलावे, ठराव करावा, कायद्यात बसेल ते करावे. पण ते काम भाषेच्या आडून करू नये. आडून केलेल्या कामाचे दोन तोटे. एक, ज्याला वगळायचे तो भाषा शिकून येतोच, आणि मग आपण नवी अट शोधतो. दुसरा, ज्याला वगळायचे नव्हते तो आपलाच माणूस, तांड्यावरचा, उर्दू शाळेतला, स्टेशनामागच्या वस्तीतला, विनाकारण मार खातो. काटेरी तार घातली रानडुकरासाठी आणि तिच्यात अडकले आपलेच वासरू, तसे हे होते.

तेव्हा कामासाठी भाषा मागणे हा अन्याय नाही, असे आमचे मत आहे. माणूस गाळण्यासाठी भाषा मागणे हा अन्याय आहे. दोन्ही अटी कागदावर एकसारख्या दिसतात. फरक ओळखायचा असेल तर एवढेच विचारावे : ही अट नसती तर कुणाचे काम अडले असते? उत्तरात एखाद्या शेतकऱ्याचे, तोडणीवाल्या बाईचे, काट्यावरच्या गाडीवानाचे नाव आले तर अट ठेवावी. नाव आलेच नाही तर खोडावी.

समासातली ती पेन्सिलीची ओळ आम्ही खोडरबराने पुसली नाही; तिच्यावर लाल शाईने आडवी रेघ मारून खाली सही केली आहे. निर्णय संचालक मंडळाचा. तो मंडळाच्या बैठकीत होईल. त्याआधी ज्या सभासदांना आमचे म्हणणे पटते किंवा पटत नाही, त्यांनी आपल्या गट कार्यालयात तसे लिहून द्यावे. मराठीत द्या, हिंदीत द्या, उर्दूत द्या. आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी समक्ष येऊन सांगावे. आमचा माणूस उतरून घेईल आणि सही-अंगठ्याआधी तुम्हाला वाचून दाखवील. गोरमाटीत सांगणार असाल तर आधी निरोप धाडा. तो जिंतूरकडचा पोरगा सध्या कुठे आहे याचा आम्ही तपास करीत आहोत.

— ऊस विकास अधिकारी